हंगाम बघून निघा: नारायणगाव परिसरातलं शेतीपर्यटन

पुणे-नाशिक महामार्गावर, पुण्यापासून साधारण ७५ किलोमीटरवर, मीना नदीच्या काठी नारायणगाव आहे. तालुक्याचं ठिकाण जुन्नर, त्यामुळे कचेऱ्या तिकडे. पण टोमॅटोचा लिलाव, भाजीपाल्याच्या रोपवाटिका, खता-औषधांची दुकानं, द्राक्षाचे व्यापारी आणि पाडव्याच्या आधी लागणाऱ्या तमाशा फडांच्या राहुट्या, हे सगळं नारायणगावात. बाह्यवळण झाल्यापासून घाईची वाहनं गावात शिरत नाहीत. जो शिरतो, तो काही कामानेच शिरतो.

शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझरसाठी येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. गेल्या वीसेक वर्षांत त्यांच्यात आणखी एका गटाची भर पडली आहे, ती शेत बघायला येणाऱ्यांची. मुंबई-पुण्याची कुटुंबं, शाळांच्या सहली, कंपन्यांचे कर्मचारी, कधी परदेशी पाहुणे. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, तेव्हा गडकोट आणि लेण्यांच्या जोडीला शेतीचंही नाव घेतलं जाऊ लागलं. इथे नक्की काय बघायला मिळतं, त्यातलं अस्सल किती आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं, याचा हा आढावा.

निष्कर्ष आधीच सांगतो. या भागात बघण्याजोगं जे आहे, ते जवळजवळ सगळं पिकासाठी, बाजारासाठी नाहीतर संशोधनासाठी उभं राहिलेलं आहे. ते कामाचं शिवार जिथे जसंच्या तसं दाखवलं जातं, तिथे पाहुण्याचा दिवस सत्कारणी लागतो. जिथे पीक नुसतं फोटोच्या मागे उभं केलेलं असतं, तिथे जाण्यापेक्षा शहरातलं उद्यान बरं.

पाण्याने आखलेला नकाशा

जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला. तिकडे नाणेघाट, भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. पूर्वेला अणे पठार लागतं. तिथे पाऊस कमी आणि रब्बी ज्वारीवर भिस्त. या दोहोंच्या मधला पट्टा बागायती झाला तो कुकडी प्रकल्पामुळे. माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही धरणं तालुक्यातच आहेत, डिंभे शेजारच्या आंबेगावात. कालव्याचं पाणी आलं आणि ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा, फुलं अशी पिकं एकाच शिवारात दिसू लागली.

पाहुण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. तासा-दीड तासाच्या प्रवासात भात, द्राक्ष आणि ज्वारी या तीन वेगळ्या शेतीपद्धती बघता येतात. राज्यात इतक्या थोडक्या अंतरात एवढी विविधता फार ठिकाणी मिळत नाही. येणेरे-काले भागातला हापूस हेही याच विविधतेचं उदाहरण. कोकणचा आंबा ओसरत आला की मेअखेरीला तो बाजारात येतो. तेव्हा आमराईत जायचं असेल तर सुट्टी लागताच धावण्यात अर्थ नाही, शाळा उघडायच्या तोंडाशी जावं.

हिवऱ्याची विस्मरणात गेलेली बाग

या परिसराचा बागांशी जुना संबंध आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. नारायणगावजवळच्या हिवरे गावी एकोणिसाव्या शतकात एक सरकारी वनस्पतिबाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश वैद्य १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक झाले. हिवऱ्याची बाग त्यांच्याच देखरेखीखाली होती आणि तिथे मुख्यतः औषधी वनस्पतींची लागवड होत असे. कंपनी सरकारच्या दवाखान्यांना लागणारी औषधं विलायतेहून मागवण्याऐवजी इथेच पिकवावीत, असा तो व्यवहारी हिशेब होता. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि जंगलतोडीने पाऊसपाण्यावर परिणाम होतो, हे त्यांनी सरकारला वारंवार कळवलं. दापोडीच्या बागेत भारतीय चित्रकाराने काढलेली वनस्पतींची चित्रं एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आजही जपलेली आहेत.

दापोडीची बाग गेली, हिवऱ्याचीही टिकली नाही. १८७३ मध्ये पुण्यात गणेशखिंडीचं उद्यान उभं राहिलं आणि ते मात्र टिकलं. २०२० मध्ये त्याला जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. हिवऱ्याच्या वाट्याला साधी ओळखही आली नाही. तालुक्याच्या पर्यटनाच्या चर्चेत किल्ले असतात, देवस्थानं असतात, धबधबे असतात, पण औषधी झाडांची लागवड जिथे सरकारी पातळीवर झाली त्या जागेचा उल्लेख नसतो. पर्यटन तालुक्याच्या कागदावर खर्च दाखवायचाच असेल, तर हिवऱ्यात दोन-चार एकरांची औषधी वनस्पतींची बाग आणि तिचा इतिहास सांगणारा फलक, इतक्यावर काम भागेल.

बाजार समिती हेच पहिलं ठिकाण

शेत बघायच्या आधी बाजार बघावा. जुन्नर बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारातला टोमॅटोचा खुला लिलाव राज्यात नावाजलेला आहे. उन्हाळी लागवडीचा माल सुरू झाला की पावसाळाभर इथे पिकअप गाड्यांची रांग लागते. मालाचं माप म्हणजे प्लास्टिकचं कॅरेट, साधारण २० किलोचं. व्यापारी गाडीपाशी येतो, वरच्या थरातली फळं बाजूला सारून हात खाली घालतो, एखादं फळ दाबून बघतो, रंग, आकार आणि साल पाहतो आणि भाव बोलतो. दुसरा पाच-दहा रुपयांनी वर जातो. गाडीमागे जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात शेतकऱ्याच्या तीन-चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल लागतो. मग प्रतवारी, पुन्हा भरणी आणि माल परराज्यांच्या वाटेला.

इथला भाव कसा उसळतो आणि कसा आपटतो, हे २०२३ ने दाखवलं. जुलैत कॅरेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला आणि नारायणगाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. सप्टेंबरात भाव इतका कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. ज्याला शेतीपर्यटन म्हणून काही शिकायचं आहे, त्याला या आवारात उभं राहिल्यावर जे कळतं, ते कोणत्याही माहितीपटातून कळणार नाही. कोथिंबीर-मेथीचा लिलावही असाच बघण्याजोगा. जुड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो आणि ओला माल रात्रीतच शहराकडे निघतो.

एकच पथ्य पाळावं. ही कामाची जागा आहे. गाडीच्या वाटेत उभं राहू नये, लिलाव चालू असताना शेतकऱ्याला प्रश्न विचारू नयेत आणि त्याचा भाव पडलेला असेल तेव्हा त्याच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नये.

जनावरांचा बाजार बघायचा तर बेल्हे गाठावं. तिथला सोमवारचा बैलबाजार जुना आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैल मागे पडले होते. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला आणि शर्यतीच्या खोंडांना पुन्हा मागणी आली.

द्राक्ष: मळा आणि वाइन

नारायणगाव-जुन्नरची द्राक्षं काळी. शरद सीडलेस आणि जंबो ही नावं इथल्या कोणत्याही बागायतदाराच्या तोंडी असतात. वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे होणारी गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांनी माल तयार होतो, म्हणजे जानेवारी ते मार्च-एप्रिल हा तोडणीचा काळ. सगळे एकाच दिवशी छाटत नाहीत, त्यामुळे एका बागेची तोडणी संपते तेव्हा शेजारच्या बागेत मणी नुकते रंगत असतात.

बहुतेक पाहुणे फेब्रुवारीत येतात, मांडवाखाली लोंबणारे घड बघतात, फोटो काढतात, पेटी विकत घेतात आणि जातात. त्यात वाईट काही नाही. पण द्राक्षशेतीचं कसब बघायचं तर डिसेंबरात यावं. तेव्हा विरळणी चालू असते. बायका मांडवाखाली माना वर करून, हातात बारीक कात्री घेऊन एकेका घडातले जादा मणी कापत असतात. ठेवायचा मणी कोणता आणि काढायचा कोणता, हे त्यांना विचार न करता कळतं. राहिलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते आणि घड मोकळा राहतो. बाजारातल्या त्या टपोऱ्या काळ्या द्राक्षामागे हे काम असतं. शेतीपर्यटनाच्या कार्यक्रमात त्याला क्वचितच जागा मिळते.

वाइनच्या बाबतीत नारायणगाव राज्यात सगळ्यांच्या पुढे होतं, हेही आता सांगावं लागतं. श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात इथे फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली. मळा, कारखाना आणि खाणं-पिणं एकत्र बघण्याची कल्पना इथे नाशिकच्या आधी रुजली होती. २००८ च्या जागतिक मंदीनंतर कंपनी कर्जात रुतली आणि पुढे बंद पडली. त्याआधीच, २००१ मध्ये, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. नाशिकच्या सुला कंपनीने २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली होती, २००५ मध्ये चवघर उघडलं आणि वाइन पर्यटनाचा मान नाशिककडे गेला.

यातून एक धडा निघतो. एका मोठ्या कंपनीच्या भरवशावर उभं राहिलेलं पर्यटन त्या कंपनीबरोबरच बसतं. इंडाज गेली, पण नारायणगावचा द्राक्षमळा गेला नाही, कारण तो शेकडो शेतकऱ्यांच्या हातात होता. आजही फेब्रुवारीच्या सुमारास इथे द्राक्ष बघायला माणसं येतात, ती अशा छोट्या बागांमध्येच.

कृषी पर्यटन केंद्रं: धोरण आणि व्यवहार

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची संघटित सुरुवात झाली ती बारामतीजवळच्या पळशीत. पांडुरंग तावरे यांनी २००४-०५ च्या सुमारास तिथे हा प्रयोग केला आणि पुढे राज्यभरच्या शेतकऱ्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं. जुन्नर तालुक्यात राजुरीचं पराशर कृषी पर्यटन केंद्र हे या वाटेवरचं परिचित नाव. त्यानंतर अनेकांनी मळ्यात खोल्या बांधल्या.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्यामुळे किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन विभागाकडे नोंदणी करता येते. नोंदणीचं प्रमाणपत्र हाती असलं की बँकेच्या दारात उभं राहायला आधार मिळतो. धोरणाची भूमिका बरोबर आहे: शेती हा मुख्य धंदा आणि पर्यटन हा जोडधंदा.

प्रत्यक्षात दोन तऱ्हेची केंद्रं दिसतात. पहिल्या तऱ्हेत मालक स्वतः शेतकरी असतो. सकाळी गोठ्यात धार काढायची वेळ झाली की पाहुण्यांना हाक मारतो, ठिबकच्या नळ्या आणि खताची टाकी दाखवतो, घरातल्या बायका मासवडीचा बेत करतात. मासवडी ही या भागाची ओळख. तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण बेसनाच्या पोळीत गुंडाळून कापलेली वडी आणि सोबत झणझणीत रस्सा. अशा ठिकाणी पाहुणा जेवतो, शिकतो आणि निघताना मालकाचा कांदा, गूळ किंवा तांदूळ विकत घेतो.

दुसऱ्या तऱ्हेत जमीन शेताची, पण धंदा हॉटेलचा. रेन डान्स, मोठ्या आवाजातली गाणी, पोहण्याचा तलाव आणि कोपऱ्यात शोभेला बांधलेली एक बैलगाडी. जेवण पनीरचं. त्या जागेवर काय पिकतं, हे तिथल्या माणसाला विचारलं तर तो व्यवस्थापकाकडे बोट दाखवतो. याला रिसॉर्ट म्हणावं आणि तसाच कर लावावा. कृषी पर्यटन म्हणून त्याची नोंदणी होऊ लागली, तर नोंदणीलाच अर्थ राहणार नाही.

शाळांच्या सहलींबद्दल वेगळं सांगायला हवं. शेतावर येणाऱ्या मुलांच्या हाताला काम हवं. रोपवाटिकेत ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये एकेक बी टोकायला दिलं, तर मुलं तासभर हलत नाहीत. नारायणगाव परिसरात अशा रोपवाटिका भरपूर आहेत, पण सहलींच्या यादीत त्या नसतात. आणखी एक काळजी: द्राक्ष आणि टोमॅटो या दोन्ही पिकांवर फवारण्या होतात. फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस जावे लागतात. मालकाने सांगितल्याशिवाय मुलांनी काही तोडून तोंडात घालू नये, हे शिक्षकांनी सहल निघण्याआधीच बजावायला हवं.

हुरड्याचे दिवस

डिसेंबर ते फेब्रुवारी हा हुरड्याचा हंगाम. ज्वारीचं कणीस दाणा भरून अजून दुधाळ असतं, तेव्हाच ते कापायचं. गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचं, गरम असतानाच हातावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि दह्यात कालवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खायचं. त्यासाठी खास गोड, सहज सुटणारे वाण लावतात. गूळभेंडी त्यातला नावाजलेला.

पूर्वी हुरडा पाहुण्यारावळ्यांना फुकट खाऊ घालायचा असे. आता माणशी दर लागतो. काही जुन्या मंडळींना ते खटकतं. मला ते योग्य वाटतं. धान्य म्हणून विकलेल्या ज्वारीपेक्षा हुरडा म्हणून खपलेल्या ज्वारीचे पैसे जास्त होतात आणि कोरडवाहू शेतकऱ्याला कालव्याच्या पाण्याशिवाय मिळणारा हा थोडक्या नफ्यांपैकी एक आहे. अणे पठारासारख्या भागाने याचा आणखी फायदा घ्यावा. हंगामाला जोडून अण्याला रंगदास स्वामींच्या उत्सवात आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. हुरडा आणि हा उत्सव एका फेरीत साधता येतो.

प्रयोगशेती आणि दुर्बिणी

नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या वार्षिक कृषी प्रदर्शनात पिकांची प्रात्यक्षिकं उभ्या शेतात बघायला मिळतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं जानेवारीतलं ‘कृषिक’ आकाराने बरंच मोठं आहे. नारायणगावचं प्रदर्शन त्यामानाने सुटसुटीत, म्हणून निवांत बघता येतं.

खोडदला राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं हे काम जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. फेब्रुवारीअखेरीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला इथे सर्वांसाठी प्रदर्शन भरतं आणि त्या दिवसांत खोडदचा रस्ता शाळकरी मुलांनी फुलून जातो. अँटेनांच्या आसपास कांदा, ऊस, ज्वारी डुलत असते. पीक आणि विज्ञान एकाच बांधावर बघायचं तर हे ठिकाण चुकवू नये. एरवी जायचं असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते.

बिबट्याचा प्रश्न

जुन्नरबद्दल लिहायचं आणि बिबट्याला वगळायचं, हे शक्य नाही. कालव्यांबरोबर ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. आज उसात जन्मून उसातच वाढणारी त्याची पिढी आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र हे पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी आहे. त्याला प्राणिसंग्रहालय समजून जाऊ नये. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात जुन्नरला बिबट्या सफारीची घोषणा झाली आणि तिच्याभोवती आशाही वाढल्या.

सफारी होवो न होवो, पर्यटन केंद्राच्या कुंपणात दिव्यांखाली बसलेल्या पाहुण्याने एक ध्यानात ठेवावं. बाजूच्या रानात शेतकरी रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जातो तेव्हा त्याच्याकडे बॅटरी आणि काठी यापलीकडे काही नसतं. शेतीला दिवसा वीज द्या, ही या भागाची मागणी बिबट्यामुळे जिवाशी जोडली गेली आहे. पाहुण्यांनीही अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरू नये आणि लहान मुलांना एकटं सोडू नये.

कोणाच्या पदरात किती

गोळाबेरीज अशी. शेतीपर्यटनाने नारायणगावची शेती तरलेली नाही. ती बाजारावर आणि पाण्यावरच चालते. पण ज्यांनी शेती न सोडता पाहुणे घेतले, त्यांना भाव पडलेल्या वर्षी हाताशी रोकड राहिली, घरातल्या बायकांच्या स्वयंपाकाला मोल आलं आणि थेट विक्रीची सवय लागली. ज्यांनी कर्ज काढून आधी इमारती बांधल्या, त्यांना शनिवार-रविवारची आणि सुट्ट्यांची वाट बघावी लागते.

सरकारकडून अपेक्षा फार नाहीत. स्वच्छ स्वच्छतागृहं, बाजार समितीत पाहुण्यांना बाजूला उभं राहून लिलाव बघता येईल असा एक ओटा, हिवऱ्याच्या बागेची खूण आणि बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांना संरक्षण. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून अभ्यासलेली ही राख जगभरच्या संशोधनात चर्चिली जाते. अशा जागेची निगा राखायला मोठा खर्च येत नाही.

जाणाऱ्याने एवढं करावं. टोमॅटोसाठी पावसाळा, विरळणीसाठी डिसेंबर, हुरड्यासाठी जानेवारी, द्राक्षासाठी फेब्रुवारी, आंब्यासाठी मेअखेर. केंद्राला फोन केला की खोल्या किती, हे विचारण्याआधी ‘सध्या शेतात काय आहे?’ हे विचारा. उत्तर चटकन आलं नाही, तर दुसरीकडे फोन लावा. आणि परत निघताना घासाघीस न करता शेतकऱ्याकडून काहीतरी विकत घ्या, कारण प्रवेशशुल्कापेक्षा त्या विक्रीतूनच त्याला हा धंदा चालू ठेवावासा वाटतो.